ओबर्लिन : एकाच करारातून जन्मलेले गाव आणि महाविद्यालय

ओबर्लिन कॉलेजने २०२२ मध्ये आपल्याच गावातील एका बेकरीला, अब्रुनुकसानीचा खटला हरल्यामुळे, साडेतीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम चुकती केली, तेव्हा बाहेरच्या जगाने त्या खटल्याकडे अमेरिकेतील डाव्या-उजव्यांच्या भांडणाचा आणखी एक अंक म्हणून पाहिले. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे. ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या नैर्ऋत्येला असलेल्या सुमारे साडेआठ हजार वस्तीच्या या गावात महाविद्यालय पाहुणे आणि गाव यजमान, असे नाते कधीच नव्हते. दोघे एकाच करारातून जन्मले, आणि त्यामुळेच त्यांच्यातील वादाला भाऊबंदकीचे वळण लागले.

जॉन जे शिफर्ड हे पाद्री आणि त्यांचे मित्र फायलो स्ट्युअर्ट यांनी १८३३ मध्ये चिकणमातीच्या, दलदलीच्या रानात ही वसाहत उभी केली. न्यू हेवनच्या जमीनमालकांनी शिक्षणसंस्थेसाठी ५०० एकर जमीन देणगी दिली. आणखी ५,००० एकर दीड डॉलर एकरी दराने घेऊन वसाहतीत येणाऱ्यांना अडीच डॉलरने विकायची आणि वरचा डॉलर संस्थेच्या खात्यात जमा करायचा, अशी योजना होती. म्हणजे येथे ज्याने शेतासाठी जमीन घेतली, त्याने न मागता महाविद्यालयाची वर्गणीही भरली. वसाहतकऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रात तंबाखू सोडण्याचे, तसेच शक्य तितके चहा-कॉफीही टाळण्याचे वचन होते. ‘शक्य तितके’ ही पळवाट ज्याने घातली, तो माणूस व्यवहारी असावा.

दोनच वर्षांत संस्था पैशाच्या अडचणीत आली. त्याच सुमारास सिनसिनाटीच्या लेन सेमिनरी या धर्मशिक्षण संस्थेत गुलामगिरीविषयीच्या चर्चेवर बंदी आल्याने बंड करून बाहेर पडलेले विद्यार्थी नव्या जागेच्या शोधात होते, आणि न्यूयॉर्कचे व्यापारी आर्थर टॅपन त्यांच्यामागे पैसा उभा करायला तयार होते. मुख्य अट होती : कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळाला पाहिजे. गावात आणि विद्यार्थ्यांमध्ये कुरबुर झाली, विश्वस्तांची मते समसमान पडली आणि १८३५ मध्ये अध्यक्ष जॉन कीप यांच्या निर्णायक मताने प्रवेश खुला झाला. या निर्णयात तत्त्वाइतकाच तिजोरीचाही वाटा होता, हे ओबर्लिनचे अभिमानी सहसा सांगत नाहीत. १८३७ मध्ये चार स्त्रियांना पदवीच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला. कृष्णवर्णीय कुटुंबे मुलांच्या शिक्षणासाठी येथे स्थायिक होऊ लागली आणि महाविद्यालयाच्या धोरणाने गावाचे रूपच बदलले.

या नात्याची खरी कसोटी १३ सप्टेंबर १८५८ रोजी लागली. केंटकीतील गुलामगिरीतून पळून आलेल्या जॉन प्राइस या तरुणाला काम देण्याच्या मिषाने गावाबाहेर नेण्यात आले आणि पकडून दक्षिणेला काही मैलांवरच्या वेलिंग्टन येथील हॉटेलात, पुढची रेल्वेगाडी येईपर्यंत, माळ्यावर कोंडून ठेवण्यात आले. बातमी पोहोचताच ओबर्लिनमधून दुकानदार, विद्यार्थी, प्राध्यापक, शेतकरी, गोरे आणि काळे, मिळेल त्या वाहनाने निघाले. जमावाने हॉटेल वेढले, प्राइसला खाली आणले आणि ओबर्लिनला परत नेले, जेथे प्राध्यापक जेम्स फेअरचाइल्ड यांच्या घरी लपवून ठेवल्यावर त्याला कॅनडाकडे रवाना करण्यात आले. पळालेल्या गुलामाला पकडण्याच्या कायद्याखाली सदतीस जणांवर आरोप ठेवण्यात आले. सायमन बुशनेल आणि चार्ल्स लँग्स्टन हे दोघे दोषी ठरले. प्राध्यापक हेन्री पेक हेही क्लीव्हलंडच्या तुरुंगात गावकऱ्यांच्या सोबतीला होते. कोण गावाचा आणि कोण महाविद्यालयाचा, हा प्रश्न त्या कोठडीत कुणी विचारला नसावा.

पुढच्या पिढीत संबंध अधिक व्यवहाराचे झाले. ओबर्लिनचेच पदवीधर चार्ल्स मार्टिन हॉल यांनी १८८६ मध्ये घराच्या लाकूडघरात विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम वेगळे करण्याची पद्धत शोधली आणि मृत्युपत्राद्वारे महाविद्यालयाला मोठी संपत्ती दिली. १८९३ मध्ये महाविद्यालयाच्या ग्रंथालयातच दारूबंदीसाठी झटणाऱ्या अँटी-सलून लीगची स्थापना झाली.

त्याच गावात सव्वाशे वर्षांनी वाइनच्या बाटल्यांवरून ठिणगी पडावी, हा योगायोग विलक्षण आहे. ९ नोव्हेंबर २०१६ रोजी, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दुसऱ्याच दिवशी, १८८५ पासून चालणाऱ्या गिब्सन्स बेकरीत एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला वाइन चोरताना पकडण्यात आले आणि समोरच्या टॅपन स्क्वेअर या उद्यानाजवळ मारामारी झाली. अटक झालेल्या तिघा विद्यार्थ्यांनी पुढे गुन्हा कबूल केला. पण त्याआधीच दुकान वर्णद्वेषी असल्याची पत्रके वाटत निदर्शने झाली होती, आणि महाविद्यालयाने भोजनगृहासाठीची बेकरीची खरेदी थांबवली होती.

खरी मेख येथे आहे. शिक्षणसंस्थेच्या इमारतींवर मालमत्ता कर नाही. गावच्या उत्पन्नाची मदार तेथे काम करणाऱ्यांच्या पगारांवरील प्राप्तिकरावर मोठ्या प्रमाणात आहे. ज्या गावात सर्वांत मोठे मालक, मोठे ग्राहक आणि जमीनधारक एकच, तेथे थांबलेली ऑर्डर हा साधा व्यापारी निर्णय उरत नाही. २०१९ मध्ये ज्युरीने अब्रुनुकसानीसह अन्य आरोप मान्य करून ४ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई ठरवली. कायद्यातील मर्यादेमुळे ती अडीच कोटींवर आली, आणि वकिलांचा खर्च व व्याज धरून पुन्हा वाढली. अपील चालू असतानाच, २०२० मध्ये, महाविद्यालयाने भोजनगृह आणि सफाईची शंभराहून अधिक कामे बाहेरच्या कंत्राटदारांकडे देण्याचा निर्णय घेतला. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये प्रकरण ऐकण्यास नकार दिला, आणि त्यानंतर महाविद्यालयाने पैसे भरले.