अंबाडी-पीएलए संमिश्र

पॉलिलॅक्टिक आम्ल (पीएलए) हे मका किंवा उसाच्या साखरेपासून बनणारे जैवप्लॅस्टिक. त्यात अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या खोडाच्या सालीतले तंतू, मिसळून साच्यात घडवण्याजोगे हे साहित्य तयार करतात. अंबाडी आपल्याला भाजीमुळे आणि दोरांमुळे ठाऊक आहे; उद्योगजगतात ती केनाफ या नावाने ओळखली जाते. टोयोटाने २००३ मध्ये राउम मोटारीच्या स्पेअर चाकाचे झाकण या साहित्याचे केले, तर २००६ मध्ये एनईसी या जपानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने मोबाइल फोनचे आवरण. वाखाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे १.४ ग्रॅम, प्लॅस्टिकात एरवी घालतात त्या काचतंतूची २.५, त्यामुळे भाग हलका होतो.

या कामातला खरा शत्रू पाणी. उघड्यावर ठेवलेल्या वाखात ८ ते १२ टक्के ओल असते. वितळलेल्या पीएलएला ती लागली की त्याच्या रेणुसाखळ्या तुटतात आणि भाग ठिसूळ निघतो. म्हणून कुजवून काढलेला वाख ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तासभर भिजवतात, सोडा पूर्ण जाईपर्यंत धुतात, ३ ते ६ मिमी लांबीचा कापतात आणि १०० ते १०५ अंशांवर ओल १ टक्क्याखाली येईपर्यंत वाळवतात. सोड्याने मेण व डिंकासारखी द्रव्ये निघून तंतूचा पृष्ठभाग खरबरीत होतो, प्लॅस्टिक नीट धरते. पीएलएचे स्फटिकी दाणे ८० अंशांवर चार तास सुकवावेत, ओल ०.०२५ टक्क्यांपेक्षा कमी हवी. वाळवलेला माल उघडा ठेवला तर पुन्हा ओल धरतो.

वजनाने २० ते ३० टक्के वाख घालून जुळ्या स्क्रूच्या एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून मिसळणाऱ्या यंत्रात, दाणे करतात. वाफ बाहेर पडायला व्हेंट (झरोका) हवाच. मग इंजेक्शन मोल्डिंगने, म्हणजे वितळलेला माल दाबाने साच्यात भरून, भाग घडवतात; त्यासाठी बॅरल (माल वितळवणारी नळी) १७० ते १९० अंश ठेवतात. २०० च्या पुढे वाख करपतो: भाग तपकिरी होतो, जळका वास येतो. मशीन थांबवायचे असेल तर बॅरल आधी रिकामे करावे. गेट, म्हणजे माल साच्यात शिरतो ते तोंड, अरुंद ठेवले तर तिथे वाख अडकतो. भागावर गेटपासून चंदेरी रेघा दिसल्या, तर आधी ओल तपासावी.

नुसता वाख घालून उष्णतेचा प्रश्न सुटत नाही, ही गोष्ट अनेकदा उशिरा कळते. पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडते. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत एवढे तापमान सहज होते. त्यासाठी टाल्कसारखे (शंखजिऱ्याच्या भुकटीसारखे) स्फटिकबीज, म्हणजे पीएलएचे स्फटिक लवकर धरायला लावणारे द्रव्य, घालून साचा ९० ते ११० अंश गरम ठेवावा लागतो. मग भाग १०० अंशांच्या आसपास टिकतो, पण एकेका भागाला वेळ जास्त लागतो.

भाग मोडून तुटलेली कड भिंगाखाली पाहावी. तंतू अख्खे उपटून आले आणि मागे गुळगुळीत भोके राहिली, तर प्लॅस्टिकची तंतूंवरची पकड कच्ची. तंतू कडेलाच तुटले असतील तर पक्की. साच्यात जिथे वितळलेल्या मालाचे दोन प्रवाह मिळतात तिथे तंतू सांध्याला समांतर पडतात, म्हणून स्क्रूची भोके त्या रेषेवर घेऊ नयेत.

वापरून झालेला भाग घरच्या खतखड्ड्यात लवकर कुजत नाही. त्याला सुमारे ५८ अंशांचा औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प लागतो.