पडद्यावरच्या ओळी पुसा

‘काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, म्हणून वर्गात व्हिडिओ हवेत’ हे शिक्षकांकडून नेहमी ऐकू येतं. मुलांची अशी वर्गवारी करून शिकवल्यास जास्त समजतं, याला पुरेसा पुरावा नाही. २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन तपासून हेच सांगितलं. डिजिटल गोष्ट, म्हणजे मुलांनी चित्रांना स्वतःच्या आवाजातलं निवेदन जोडून केलेला छोटा व्हिडिओ, उपयोगी पडते, पण वेगळ्या कारणाने, आणि ते कारण सगळ्याच मुलांना लागू आहे.

ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार ऐकलेले शब्द आणि पाहिलेली दृश्यं घटकाभर धरून ठेवणारे मेंदूचे कप्पे वेगळे असतात, आणि दोन्ही फार छोटे. चित्र डोळ्यांनी आणि निवेदन कानांनी आलं की दोन्ही कामाला लागतात. निवेदनातलीच वाक्यं पडद्यावर टाकली, की नजर ओळींवर जाते आणि चित्र सुटतं. शिवाय वाचलेले शब्द आपण मनातल्या मनात उच्चारतो, म्हणजे तेही ऐकण्याच्याच कप्प्यात शिरतात. तिथे दाटी होते. कमी ऐकू येणाऱ्या किंवा भाषेला नवख्या मुलांना मात्र त्या ओळी हव्यातच.

म्हणून गोष्ट बनवताना आधी संहिता, म्हणजे निवेदनाचा मजकूर, मग आवाज, चित्रं सगळ्यात शेवटी. दोन मिनिटांच्या गोष्टीला साधारण २०० शब्द पुरतात. मुलं आधी चित्रं गोळा करत बसली, तर तास त्यातच संपतो आणि गोष्ट चित्रांमागे फरफटते.

संहिता शिक्षकाने नीट वाचावी. मुलाला काय कळलं नाही, ते तिथेच दिसतं. जलचक्राच्या गोष्टीत ‘थेंब उडून ढगात गेला’ असं हमखास येतं. थेंब उडत नाही; पाण्याचे रेणू एकेक सुटून हवेत मिसळतात. ती वाफ दिसत नाही. वर गार हवेत धूलिकणांभोवती जमून तिचे सूक्ष्म थेंब बनतात, आणि ढग म्हणून दिसतात ते हे थेंब. हे वाक्य सुधारताना होणारं शिक्षण कुठल्याही ॲनिमेशनपेक्षा मोलाचं आहे.

ध्वनिमुद्रण पंखा बंद करून, मोबाइल तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित बाजूला धरून करावं. समोर धरल्यास ‘प’, ‘फ’ फटकन आदळतात. निवेदनाखाली संगीत नको. ‘वाफ’ हा शब्द आणि वाफेचं चित्र एकाच क्षणी यायला हवं. चित्र मागाहून आलं, तर तोवर शब्द धरून ठेवण्यातच मुलाची शक्ती जाते.