खेकडा आणि मासे एकाच टँकमध्ये: कोण कोणाला खातो?

समुद्री टँकचा दिवा सकाळी लावला आणि खेकडा माशाचं कलेवर कुरतडत बसलेला दिसला, की आरोपी रंगेहाथ सापडला असंच वाटतं. पण शिक्षा सुनावण्याआधी पाण्याची तपासणी करावी. खेकड्याला मेलेलं, कुजकं, उरलंसुरलं काहीही चालतं. डोक्यावरच्या छोट्या स्पर्शिका सतत फडफडवत तो पाण्यात विरघळलेल्या अमिनो आम्लांचा माग काढतो, त्यामुळे मेलेल्या माशापाशी सर्वांत आधी पोचतो तो तोच. मासा अमोनिया वाढल्यामुळे किंवा आजाराने आधीच मेलेला असू शकतो. अशा वेळी खेकड्याला बाहेर काढलं, तर खरं कारण टँकमध्येच राहतं आणि दोन दिवसांनी दुसरा मासा जातो.

जागा असलेला धडधाकट मासा खेकड्याच्या हाती सहजी लागत नाही. माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा पाण्यातली बारीकशी हालचालही टिपते. मेंदूच्या मागच्या भागात माउथनर नावाच्या दोन मोठ्या चेतापेशी असतात. त्यांचा इशारा मिळाला की काही मिलिसेकंदांत माशाचं अंग धनुष्यासारखं वळतं आणि तो सटकतो. तळावर चालणाऱ्या खेकड्याचा या वेगापुढे टिकाव लागत नाही.

रात्री मात्र पारडं फिरतं. बरेचसे रीफ मासे, म्हणजे प्रवाळखडकांत राहणारे मासे, अंधार पडला की खडकाच्या फटीत किंवा वाळूवर निपचित पडून राहतात आणि बहुतेक खेकडे नेमके तेव्हाच हिंडायला निघतात. गोबी, ब्लेनी यांसारख्या तळाशी झोपणाऱ्या छोट्या माशांना धोका असतो तो या वेळी. त्यात मासा आजारी असेल आणि खेकडा मोठा नि उपाशी असेल, तर पुढचं सांगायला नको.

मग खेकडा निवडायचा कसा? विकताना ‘रीफ-सेफ’ असं लेबल लावतात, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. ते मुख्यतः प्रवाळांबद्दल बोलतं, माशांबद्दल नाही. त्यापेक्षा नांगीचं टोक निरखून बघावं. एमराल्ड खेकड्याच्या नांगीची टोकं चमच्यासारखी खोलगट असतात. खडकावरचं शेवाळ खरवडायला ती योग्य. टँकभर पसरणारं बबल शेवाळ तो खातो, म्हणूनच तर त्याला आणतात. याउलट लाइव्ह रॉकच्या (जिवंत जीवांसकट टँकमध्ये ठेवलेल्या समुद्री खडकाच्या) भोकांत लपून आलेल्या केसाळ खेकड्यांच्या नांग्या जाड असतात आणि टोकं बहुधा काळी. शिंपले-गोगलगायी फोडायची ती हत्यारं आहेत. असा पाहुणा दिसला की बाहेर काढलेला बरा. त्यासाठी रात्री लाल विजेरी वापरतात, कारण लाल उजेड खेकड्यांना फारसा दिसत नाही. खडकाला तिरका टेकवलेला काचेचा ग्लास आणि त्याच्या तळाशी कोळंबीचा तुकडा, एवढा सापळा पुरतो. खेकडा आत घसरतो आणि गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येत नाही.

अर्थात नांगीवरून सगळंच कळत नाही. एमराल्डसुद्धा मोठा झाला आणि शेवाळ संपलं की माशांकडे वळू शकतो. सॅली लाइटफूटची तीच गत. चपटा, चपळ, लहानपणी शेवाळावर खूश. वाढला की बरेचसे हौशी मत्स्यपालक त्याला दुसरीकडे हलवतात. लांब काटकुळ्या पायांचा अॅरो खेकडा ब्रिसलवर्म (अंगावर राठ केस असलेले समुद्री किडे) खातो म्हणून लोकप्रिय आहे, पण छोट्या माशांसोबत मी तरी तो ठेवणार नाही.

बिनधास्त ठेवावा असा म्हणजे पोर्सेलीन खेकडा. त्याच्या नांग्या अंगाच्या मानाने मोठ्या आणि पसरट असतात, पण त्या भांडायला. जेवणासाठी त्यांचा उपयोग नाही. तोंडाजवळ बारीक केसांचे दोन पंखे असतात. ते आळीपाळीने उघडायचे, पाण्यातून फिरवायचे आणि मिटून तोंडाशी न्यायचे, की अडकलेले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, पोटात. काही जाती ॲनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यात राहतात आणि तिथे क्लाउनफिश आला तर बहुधा खेकड्यालाच काढता पाय घ्यावा लागतो.

शंखात राहणारे छोटे हर्मिट खेकडेही माशांना त्रास देत नाहीत. त्यांचं वैर गोगलगायींशी. वाढत्या अंगाला मोठं घर लागतं आणि आवडलेल्या शंखात मालक जिवंत असला, तर त्याला मारून ते शंख बळकावतात. वेगवेगळ्या मापाचे रिकामे शंख वाळूत टाकून ठेवले की हे प्रकार कमी होतात. मोठ्या जातींचे हर्मिट मात्र जे सापडेल ते खातात, त्यांची गोष्ट वेगळी.

आता उलट बाजू, जिच्याकडे फार कमी लोक बघतात. ट्रिगरफिश, पफर, मोठे रास, स्नोफ्लेक ईल अशा खेकडे खाणाऱ्या माशांच्या टँकमध्ये खेकडा सोडणं म्हणजे महागडं खाद्य टाकणं. सौम्य माशांमध्येही एक नाजूक काळ येतो तो कात टाकण्याचा. खेकडा आधी खाणं सोडतो, दडून बसतो. मग पाठीचं कवच मागच्या कडेला उकलतं आणि तो उलटा सरकत त्यातून बाहेर पडतो; पाय, नांग्या आणि डोळे यांच्यावरचं आवरणसुद्धा मागे राहतं. नवं कवच मऊ असतानाच तो पाणी शोषून फुगतो, म्हणजे आकार वाढवायला जागा मिळते. ते टणक व्हायला काही दिवस लागतात आणि तोवर नांगी असून नसल्यासारखी. लपायला फटी नसतील तर एरवी गरीब वाटणारा मासाही त्याला टोचे मारतो. टाकलेली कात हुबेहूब मेलेल्या खेकड्यासारखी दिसते, म्हणून ती उचलून पाहावी: आतून पोकळ असेल तर मालक कुठेतरी खडकाआड आहे, त्याला हुडकत बसू नये.

शेवटची गोष्ट औषधाची. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की तांबंयुक्त औषध वापरतात. खेकड्याच्या रक्तातल्या हिमोसायनिन या ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या प्रथिनात तांबं असतं, तरीही पाण्यातलं जादा तांबं त्याला विष ठरतं. शिवाय खडक आणि वाळू ते शोषून घेतात आणि नंतर हळूहळू सोडत राहतात. त्यामुळे आजारी मासा वेगळ्या टँकमध्ये हलवूनच उपचार करावेत, आणि ज्या जुन्या टँकमध्ये कधी तांबं वापरलं असेल तिथे चाचणी केल्याशिवाय खेकडा सोडू नये.