स्वेड: सुगंधातले मऊ चामडे

स्वेड हा परफ्यूममधल्या चामड्याच्या वासाचा सौम्य, पावडरीसारखा मऊ प्रकार आहे. बाटलीवर 'लेदर' लिहिलेले असले तरी आत चामडे नसते. गुलाबातून किंवा चंदनातून जसे तेल निघते, तसे कातड्यातून सुगंधी तेल काढता येत नाही. हा वास परफ्युमरला इतर द्रव्ये जुळवून उभा करावा लागतो आणि अशा जुळणीला अकॉर्ड म्हणतात. लेदर अकॉर्डची एक तऱ्हा धुरकट, डांबरी आणि कडवट असते. तिच्यात खोगीर, बूट आणि शेकोटी आठवते. दुसरी तऱ्हा म्हणजे स्वेड. हातमोज्याच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवावे तशी ती लागते. 'लेदर मला झेपत नाही' म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा पहिली तऱ्हाच हुंगलेली असते.

हा शब्दही हातमोज्यांतूनच आला. फ्रेंचमध्ये स्वीडनला 'सुएद' म्हणतात. कातड्याच्या आतल्या बाजूला घासून लव आणलेल्या मऊ हातमोज्यांना फ्रान्समध्ये 'स्वीडनचे हातमोजे' म्हणत. पुढे देशाचे नाव त्या चामड्यालाच चिकटले.

सौम्य लेदर म्हणजे खऱ्या लेदरची पातळ केलेली आवृत्ती, असा एक समज आहे. इतिहास पाहिला तर तो टिकत नाही. दक्षिण फ्रान्समधले ग्रास हे गाव आज सुगंधाची राजधानी मानले जाते आणि तिथल्या अत्तरविद्येला 2018 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. पण मुळात ते कातडी कमावणाऱ्यांचे गाव. त्या काळी कातडे कमावताना मूत्र आणि विष्ठा वापरत, त्यामुळे तयार मालालाही दुर्गंधी असे. ती झाकण्यासाठी हातमोज्यांना फुलांच्या वासाची चरबी आणि तेले चोळायची पद्धत इटली-स्पेनकडून आली. 1533 मध्ये इटलीची कॅथरीन द मेदिची लग्न होऊन फ्रान्समध्ये आली आणि सुगंधी हातमोज्यांचा शौक दरबारात तिनेच रुजवला, असे सांगतात. 1614 मध्ये पॅरिसच्या हातमोजे बनवणाऱ्यांना 'हातमोजेकार-सुगंधकार' अशी जोडपदवी राजाज्ञेने मिळाली. पुढे चामड्यावरचे कर वाढले, हातमोज्यांचा धंदा बसला आणि ग्रासमध्ये उरली ती फुले. म्हणजे चामडे आणि फूल यांची पहिली गाठ मऊ हातमोज्यावरच पडली. धुरकट लेदर परफ्यूममध्ये नंतर आले.

ते आले रशियन चामड्याच्या रूपाने. 'युफ्त' नावाचे हे चामडे विलो झाडाच्या सालीत कमावून त्याला बर्च झाडाच्या सालीचे डांबरी तेल पाजत. त्यामुळे पाणी आणि कीड लागत नसे आणि वासही कायमचा मुरत असे. किती मुरत असे, याचा पुरावा समुद्रातून वर आला. सेंट पीटर्सबर्गहून जिनोआकडे निघालेले 'मेटा कॅथरीना' हे जहाज 1786 मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ बंदराजवळ बुडाले. 1973 मध्ये पाणबुड्यांना ते सापडले, तेव्हा गाळात रुतलेल्या गठ्ठ्यांतले चामडे धुऊन वस्तू बनवण्याजोगे निघाले. या वासावरून 'क्विर द रुसी', म्हणजे रशियन चामडे, या नावाची अनेक परफ्यूम निघाली; शानेलचे 1920च्या दशकातले त्यांत सर्वांत गाजले. 1919 मध्ये कारोन या परफ्यूम-घराण्याने सिगारेट ओढणाऱ्या नव्या जमान्यातल्या बायकांसाठी 'ताबाक ब्लाँ' हे लेदर परफ्यूम काढले. 1944 मध्ये जेर्मेन सेलिए या परफ्युमर बाईंनी 'बँडिट' या परफ्यूममध्ये आयसोब्युटिल क्विनोलिन मोकळ्या हाताने वापरले. हे कृत्रिम द्रव्य हिरवट, मातकट आणि इतके कडू असते की जरा हात सुटला तर बाकी काही उरत नाही.

स्वेड साधायचे तर हे कडू-धुरकट घटक चिमटीवर आणावे लागतात. बर्चच्या कच्च्या डांबराला परफ्यूम उद्योगाच्या सुरक्षा नियमांत आता जागाच नाही. शुद्ध केलेले तेल चालते, पण त्यातल्या घातक हायड्रोकार्बनवर मर्यादा आहे. रिकामी झालेली जागा आयरिस, केशराच्या वासाची द्रव्ये आणि स्वच्छ कस्तुरीगंधी रसायने भरून काढतात. आयरिस या फुलझाडाचे कंद खणून काही वर्षे वाळत ठेवतात. ताज्या कंदाला वास जवळजवळ नसतो, मुरल्यावर मात्र तो थंड, पिठूळ आणि व्हायोलेटसारखा होतो. स्वेडची लव नाकाला जाणवते ती बरीचशी त्यामुळे. केशराचेही तसेच. दुधात खललेले केशर आपल्या ओळखीचे असते, पण कोरड्या काड्यांची डबी उघडून हुंगली तर गोडव्याखाली चामड्यासारखी कोरडी छटा सापडते.

यातले सर्वांत सुंदर द्रव्य म्हणजे ऑस्मँथस. चीनमधल्या या इवल्याशा फुलाच्या अर्कात पिकलेले जर्दाळू आणि मऊ चामडे हे दोन्ही वास निसर्गतःच एकत्र असतात. 2004 मध्ये सर्ज ल्युटान्स यांच्या परफ्यूम-घराण्यासाठी क्रिस्टोफर शेल्ड्रेक यांनी बनवलेले 'दँ ब्लाँ' याच वाटेचे आहे. नावाचा अर्थच फिकट रंगाचे स्वेड. जर्दाळूचा गर खाऊन झाल्यावर हातात राहिलेल्या बाठीला जो किंचित कडसर वास असतो, तो त्यात नेमका पकडला आहे. लेदरची ओळख करून घ्यायची असेल, तर माझ्या मते सुरुवात इथून करावी. 1837 मध्ये घोड्यांचे साज बनवण्यापासून सुरुवात केलेल्या एर्मेस या फ्रेंच घराण्याने 2007 मध्ये 'केली कालेश' हे परफ्यूम आणले. त्याचे परफ्युमर जाँ-क्लोद एलेना यांना घराण्याच्या उत्तम चामड्यांतच फुलांचा वास जाणवला होता.

महाराष्ट्राला या वासाची ओळख नवी नाही. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. नवी कोरी जोडी कागदातून काढली की साल उकळल्यासारखा तुरट वास येतो आणि मागून तेलाचा. त्यात धूर नाही, डांबर नाही. युरोपच्या लेदर परफ्यूमला मात्र रशियन बर्चच जास्त भावला. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथाही इथे आठवावा. त्याच्या मुळ्यांचे तेल 'सिप्रिऑल' या नावाने जगभरच्या लेदर अकॉर्डमध्ये वापरतात. पहाटे उटणे कालवताना हळद-चंदनाखालून जो लाकडी, किंचित धुरकट वास वर येतो, त्यात याच मुळ्यांचा वाटा असतो.

लावण्याच्या दृष्टीने स्वेड आपल्या हवेला सोयीचे आहे. मुंबईच्या दमटपणात डांबरी लेदर अंगावर येते. आयरिस आणि कस्तुरीगंधावरचे स्वेड त्वचेलगत राहते. दुकानातल्या कागदी पट्टीवर हुंगून लगेच निर्णय घेऊ नये. पहिली काही मिनिटे फळाचीच असतात. चामडे वर यायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून मनगटावर एकदाच फवारून दुकानाबाहेर पडावे आणि मग हुंगावे.