वाळूची ऊब आणि अंडाशयाची घडण

वेळासच्या किनाऱ्यावर घरट्यावरची टोपली उचलली की ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं एकमेकांना ढकलत बाहेर येतात. त्यांतला नर कोण आणि मादी कोण, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. ते ठरतं वाळूच्या पोटात. समुद्री कासवांना आपल्यासारखी एक्स-वाय गुणसूत्रं नसतात. अंडी उबण्याच्या काळातला मधला तिसरा हिस्सा निर्णायक असतो: त्या दिवसांत वाळू गरम असेल तर माद्या, थंड असेल तर नर.

सरपटणाऱ्या प्राण्यांतली ही गोष्ट पहिल्यांदा नोंदवली मादलेन शार्निए यांनी, १९६६ साली, सेनेगलमध्ये, अगामा जातीच्या सरड्यांवर काम करताना. पण उष्णतेतून अंडाशय घडतं कसं, हे उलगडलं ते मुख्यतः रेड इअर्ड स्लायडर या कासवामुळे. आपल्याकडे घराघरांतल्या काचेच्या टाकीत दिसतं तेच. त्याची अंडी २६ अंशांवर उबवली तर सगळे नर, ३१ अंशांवर सगळ्या माद्या.

सुरुवातीला भ्रूणाची जननग्रंथी दोन्हीकडे वळू शकते. तिला बाहेरची साल असते आणि आतला गाभा. साल जाड होऊन त्यात बीजपेशी वाढल्या आणि गाभा आक्रसला की अंडाशय. गाभा वाढून साल विरली की वृषण. साल वाढवायचं काम इस्ट्रोजेन या मादी-संप्रेरकाचं, आणि ते तयार करतं अरोमटेज नावाचं विकर (एन्झाइम), तेही चक्क नर-संप्रेरकांपासून. मला सर्वांत देखणा वाटतो तो यावरचा प्रयोग: अंडी २६ अंशांवरच ठेवायची, कवचावर इस्ट्रोजेनचा थेंब सोडायचा, आणि आतून माद्या निघतात. उलट ३१ अंशांवर अरोमटेज अडवलं तर नर. म्हणजे उष्णता स्वतः काही बांधत नाही, ती फक्त निरोप देते. तो निरोप पोचतो कसा, याचा एक दुवा २०१८ मध्ये हाती आला. थंडाव्यात केडीएम६बी नावाचं जनुक जागं असतं आणि ते वृषण घडवणाऱ्या डीएमआरटी१ जनुकाला मोकळं करतं. ऊब वाढली की पेशींत कॅल्शियम शिरतं, स्टॅट३ हे प्रथिन कामाला लागतं आणि केडीएम६बी दबतं.

पूर्वी अंडाशय म्हणजे ‘काहीच घडलं नाही तर उरतं ते’ असं सर्रास सांगितलं जायचं. ते चूक होतं. अंडाशय घडवावं लागतं.

गरम म्हणजे मादी, हा नियमही सगळीकडे चालत नाही. चिपळूणच्या वाशिष्ठीत दिसते ती आपली मगर घ्या: २८ ते ३१ अंशांवर माद्याच, ३२.५ वर नर, आणि त्याहून जरा वर गेलं की पुन्हा माद्या दिसू लागतात.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या हिरव्या कासवांची तपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. वयात न आलेल्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या होत्या. कोकणात अंडी उचलून हॅचरीत पुरली जातात. तिथं खड्डा किती खोल घ्यायचा आणि सावली किती धरायची, हे माणूस ठरवतो, आणि त्याबरोबर पिल्लांत किती माद्या असतील हेही काही अंशी तोच ठरवत असतो.