‘पुट ऑफ’ की ‘कॉल ऑफ’: पुढे ढकललं की रद्दच केलं?

‘द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ’ आणि ‘द मीटिंग हॅज बीन कॉल्ड ऑफ’. दोन्ही वाक्यं वाचून आज मीटिंग नाही एवढं समजतं आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण पहिल्या वाक्यात मीटिंग पुढे ढकलली आहे. ती होणार आहे, तेव्हा तयारी बाजूला ठेवून चालणार नाही. दुसऱ्या वाक्यात ती रद्द झाली आहे, नव्या तारखेची वाट पाहण्यात अर्थ नाही. दोन्हींच्या शेवटी तेच ‘ऑफ’ असल्यामुळे घाईत वाचणाऱ्याची गल्लत होते.

२०२० सालच्या दोन मोठ्या स्पर्धा आठवल्या तर हा फरक सहज लक्षात राहतो. टोकियो ऑलिम्पिक त्या वर्षी मार्चमध्ये लांबणीवर पडलं आणि जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. वर्ष बदललं तरी नाव ‘टोकियो २०२०’ हेच राहिलं, कारण स्पर्धा तीच होती. हे ‘पुट ऑफ’. विम्बल्डन मात्र आयोजकांनी सरळ रद्द केली. २०२१ मध्ये जी झाली ती त्या वर्षाची विम्बल्डन, २०२० ची कधीच झाली नाही. हे ‘कॉल ऑफ’.

म्हणूनच ‘पुट ऑफ’च्या मागे ‘अंटिल’ सहज येतं: ‘पुट ऑफ अंटिल मंडे’, सोमवारपर्यंत पुढे ढकललं. रद्द झालेल्या गोष्टीला ‘अंटिल’ जोडायचं कशाला? एक अपवाद बातम्यांत दिसतो. अंधार पडल्यावर बेपत्ता माणसाचा शोध ‘कॉल्ड ऑफ अंटिल मॉर्निंग’ असं लिहितात. तिथे शोध कायमचा सोडलेला नसतो, रात्रीपुरता थांबवलेला असतो.

याच उदाहरणात दुसरा फरक आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. ‘पुट ऑफ’ व्हायचं तर गोष्ट अजून सुरू झालेली नसावी लागते. शोधमोहीम, संप, सामना हे सुरू झाल्यावर मध्येच थांबवायचे असतील तर ‘पुट ऑफ’ चालत नाही, ‘कॉल ऑफ’ चालतं. ‘द स्ट्राइक वॉज कॉल्ड ऑफ’ याचा अर्थ संप होण्याआधीच रद्द झाला असा होऊ शकतो आणि चालू संप मागे घेतला असाही. ‘द स्ट्राइक वॉज पुट ऑफ’ म्हटलं की मात्र संप अजून व्हायचाच आहे. ‘कॉल ऑफ’मधली मूळ हाक ‘कॉल ऑफ युअर डॉग्ज’ या प्रयोगात अजून ऐकू येते: अंगावर सोडलेल्या कुत्र्यांना मालकाने हाक मारून मागे बोलावणं.

‘कॉल ऑफ’चा पसारा एवढाच. अमेरिकेच्या काही भागांत ‘आज कामावर येत नाही’ असं फोन करून कळवण्यालाही ‘कॉल ऑफ’ म्हणतात, पण तो प्रयोग तिथल्या बोलण्यापुरता आहे.

‘पुट ऑफ’ची गोष्ट वेगळी. शाळेपासून ‘पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे’ असं एकच समीकरण पाठ केलं जातं आणि माझ्या मते सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. ढकललं कशाला जातंय, कामाला की माणसाला, हे आधी बघायला हवं. काम असेल तर पुढे ढकलणं हा अर्थ बरोबर आहे. त्यातही ‘पोस्टपोन’ हा कोरडा, कार्यालयीन शब्द आहे, तर ‘पुट ऑफ’मध्ये बरेचदा चालढकल डोकावते. ‘आय कीप पुटिंग ऑफ द डेंटिस्ट’ म्हणणारा दाताच्या डॉक्टरकडे जायचं टाळतो आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

माणूस असेल तर अर्थ पार बदलतो. ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे त्या वासाने माझं मन उडालं. ‘इट पुट मी ऑफ माय फूड’ म्हणजे अन्नावरची वासनाच गेली. ‘डोन्ट बी पुट ऑफ बाय द टायटल’ म्हणजे नाव बघून पुस्तक बाजूला ठेवू नका. कुणी टक लावून बघत असताना ‘यू आर पुटिंग मी ऑफ’ म्हटलं तर त्यात किळस नाही, ‘माझं लक्ष विचलित होतंय’ एवढंच आहे. ‘दे कीप पुटिंग मी ऑफ’ ही तक्रार मराठी माणसाला चांगलीच समजेल: आज या, उद्या या म्हणत मला नुसतं टोलवतात. प्रवाशाला वाटेत बसमधून उतरवून देणं हेही ‘पुट ऑफ’च. यातल्या एकाही ठिकाणी ‘कॉल ऑफ’ बसणार नाही.

म्हणून ‘द वेडिंग वॉज पुट ऑफ’ आणि ‘द गेस्ट्स वेअर पुट ऑफ’ ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात लग्न लांबलं. दुसऱ्यात पाहुणे लांबले असं नाही, बहुधा कशाने तरी त्यांचं मन उडालं.

दिवा बंद करणं हाही ‘पुट ऑफ’चा अर्थ ब्रिटिश शब्दकोशांत सापडतो, पण त्यासाठी ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ जास्त रुळलेलं आहे. जुन्या इंग्रजीत अंगावरचं काढून ठेवणं हाही अर्थ होता. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये मोझेसला जोडे काढायला सांगितलं आहे ते ‘पुट ऑफ दाय शूज’ याच शब्दांत. आज असं कुणी बोलत नाही.

व्याकरणात दोघांची चाल सारखी. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही बरोबर, पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: ‘पुट इट ऑफ’, ‘कॉल इट ऑफ’. ‘कॉल ऑफ इट’ चूक. आणि ‘पुट ऑफ’नंतर क्रियापद आलं तर ते ‘आयएनजी’ लावून येतं: ‘ही पुट ऑफ गोइंग’. मराठीत आपण ‘जायचं टाळलं’ म्हणतो, त्यामुळे ‘ही पुट ऑफ टु गो’ तोंडात लगेच येतं. ते मात्र चूक आहे.