काळ्या मातीच्या अंगणातील निचरा व कृत्रिम हिरवळ

घराभोवतीच्या चिकणमातीच्या अंगणात पावसाचे पाणी तुंबत असल्यास वरची माती काढून तेथे ढाळ दिलेला खडीचा थर भरतात, त्यात उतरलेले पाणी छिद्रांच्या नळीने बाहेर काढतात आणि वर कृत्रिम हिरवळ अंथरतात. निचऱ्याचे काम खडी, ढाळ आणि नळी ही तिन्ही मिळून करतात. हिरवळ हे केवळ पाणी खाली जाऊ देणारे आच्छादन असते. हा भेद लक्षात न घेता काळ्या मातीवर नुसती हिरवळ पसरली, तर चिखल झाकला जातो, हटत नाही. काही दिवसांनी कडा उचलून पाहिल्यास खाली कुबट वासाची राबडी आढळते आणि पाय पडेल तेथे छिद्रांतून काळे पाणी वर येते.

मराठवाड्यात या प्रश्नाचे मूळ जमिनीच्या घडणीत आहे. येथील काळी माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली असून तिच्यात ०.००२ मि.मी.पेक्षा बारीक कणांचे प्रमाण मोठे असते. त्यांतील मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात व माती फुगते. उन्हाळ्यात तीच माती आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस या भेगांतून खोल उतरतो, त्यामुळे जूनमध्ये अंगण पाहणाऱ्याला जमीन भरपूर पाणी पिते असे वाटते. भेगा मिटल्यावर मात्र पाणी जिरण्याचा वेग तासाला काही मिलिमीटरांवर येतो आणि पुढच्या झडीत चप्पल रुतून बसते, ओढून काढली तर तळाला दोन बोटे जाड चिखल लागून येतो. म्हणून अंगणाची परीक्षा ऑगस्टमध्ये करणे योग्य ठरते. हातभर खोल खड्डा घेऊन तो एकदा पाण्याने भरावा, ते ओसरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी दुसऱ्या दिवशीही उभे असेल, तर ते खाली जिरेल ही आशा सोडून त्याला आडवी वाट काढून द्यावी लागते. चिकणमातीत थोडी वाळू मिसळण्याचा उपाय अनेकजण करतात, परंतु त्याने निचरा सुधारत नाही, माती उलट अधिक घट्ट बसते. माती सुधारण्यासाठी घालतात त्या जिप्सम या खनिजाचा उपयोगही प्रामुख्याने सोडियमचे प्रमाण जास्त असलेल्या चोपण जमिनीत होतो.

कामाच्या आरंभी २० ते ३० सें.मी. काळी माती काढून तळालाच घरापासून बाहेरच्या दिशेने दर मीटरला १ ते २ सें.मी. ढाळ देतात. तळ सपाट ठेवून केवळ वरच्या पृष्ठभागाला ढाळ दिल्यास खडीत पाणी साठून खालची माती मऊ पडते. या कामातील सर्वांत महागात पडणारी चूक हीच होय, कारण ती झाकली गेल्यावर दिसत नाही. तळावर न विणलेले जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कृत्रिम धाग्यांचे कापड, अंथरतात. ते नसेल तर ओली माती खडीच्या फटींत वर चढते आणि काही पावसाळ्यांत थर बुजून जातो. कापडावर धुतलेली खडी भरून तिच्यात सर्वांत खालच्या कडेने सुमारे १०० मि.मी. व्यासाची छिद्रांची नळी ठेवतात व वर बारीक खडीचा पातळ थर धुमसाने ठोकून बसवतात. येथे नेहमीचा मातकट मुरूम वापरू नये, कारण तो ठोकल्यावर पाणी अडवतो. १०० चौ.मी. अंगणात ५० मि.मी. पाऊस पडला म्हणजे ५,००० लिटर पाणी येते, १५ सें.मी. जाडीच्या खडीत सुमारे ४० टक्के पोकळी धरल्यास तेवढे पाणी तिच्यात सामावते आणि नळीला ते सावकाश वाहून नेण्यास अवधी मिळतो. छताच्या पन्हळीचे पाणी मात्र या थरात कधीही सोडू नये, त्याची वाट वेगळीच ठेवावी.

बाहेर काढलेले पाणी कोठे न्यावे, हा विचार मराठवाड्यात टाळता येत नाही. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात अंगणातले पाणी गटारात सोडणे हे नुकसानच आहे. ते शोषखड्ड्यात जिरवावे, परंतु काळ्या मातीत खोदलेला शोषखड्डा भरून राहतो, म्हणून तो खालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो. तो जोत्यापासून दूर हवा, कारण पायालगतची काळी माती फुगली-आकसली की भिंतींना तडे जातात.

कृत्रिम हिरवळ ही पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पात्यांची व छिद्रे असलेल्या पाठीची असते. १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम क्रीडागारात ती अंथरल्यानंतर तिचा बोलबाला झाला. तिला शिंपण लागत नाही, हा टंचाईच्या भागात खरा लाभ आहे. परंतु मे महिन्याच्या उन्हात ती मातीपेक्षा कितीतरी अधिक तापते, अनवाणी पाय ठेववत नाही, आणि झिजताना प्लॅस्टिकचे बारीक कण मातीत सोडते. उन्हाळ्यात खालची माती भेगाळल्याने थर कोठेकोठे खचतो, तो दरवर्षी पाहावा लागतो. जनावरे बांधायच्या अंगणात ती घालूच नये. बऱ्याच घरी तिची गरजही नसते: ढाळ, खडी व नळी नीट झाल्यावर वर दगडी फरशी बसवली तरी अंगण तितकेच कोरडे राहते, आणि जुन्या वाड्यांच्या फरसबंद चौकांत ढाळ व मोरी यांचाच आधार घेतलेला दिसतो.

नळीच्या तोंडाशी पालापाचोळा व गाळ साचतो. मृगापूर्वी ते मोकळे करून वरच्या टोकातून बादलीभर पाणी ओतावे व ते खालून स्वच्छ बाहेर पडते का, ते पाहावे.